फाटकाआडची मैदाने

उन्हाळी क्रीडाशिबिर म्हटले की आम्हा प्रशासकांना प्रथम निधी आठवतो. वस्तुतः अडते ते माणसांवाचून. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली, परक्या राजवटीत, लोकाश्रयावर उभारले. १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली.

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत पैशाची वाण नाही. कोनप्पन अग्रहार, दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर ती वसली. २०१३ पासून तिला स्वतंत्र नगर प्राधिकरणही आहे. मोठ्या कंपन्यांच्या आवारांत मैदाने आहेत, पण फाटकाआड. एप्रिल-मेच्या सुटीत ती सकाळी दोन तास याच गावांतील मुलांना खुली करावीत. पाण्याची सोय प्राधिकरणाने पाहावी. खो-खो शिकविण्यास आपल्यातले चार अभियंते सहाच्या ठोक्याला शिट्टी घेऊन हजर हवेत. फाटकावरील रक्षकास मात्र लेखी आदेश द्यावा. तोंडी तो मानणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.