दोन वर्षांनंतरचे छायाचित्र

२०२५ च्या आरंभीची गोष्ट. एके दुपारी वन्सं रामबागेतून आमच्याकडे आल्या. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग पिशवीतून दोन छायाचित्रे काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, “वहिनी, खरं सांगा, यांतली आजची मी कोणती?”

पहिले छायाचित्र २०२२ च्या दिवाळीतले. दुसरे त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या धाकट्याच्या लग्नातले. दोहोंत अंतर जेमतेम सात आठवड्यांचे. परंतु दुसऱ्यात ओघळलेले गाल वर गेलेले आणि जबड्याची कड रेखीव झालेली. मधल्या काळात वन्संनी चेहऱ्यात धागे घालून घेतले होते. ‘थ्रेड लिफ्ट’ या नावाने हा उपचार आता मोठ्या शहरांतून सर्रास होतो. घरात ही गोष्ट माझ्यावाचून कोणास ठाऊक नव्हती. त्यांच्या अनुमतीनेच ती येथे लिहीत आहे. मांडवात जो तो म्हणत होता, वरमाई कशा टवटवीत दिसतात!

आता समोर बसलेल्या वन्सं मात्र पहिल्या छायाचित्रातल्या होत्या. धागे विरले, पुन्हा घालावे लागतील, असे त्यांना त्या ठिकाणी सांगण्यात आले होते. पहिल्या वेळी मुदतठेव मोडली होती. या वेळी पाटल्या मोडण्याचे मनात होते.

मी वैद्य नव्हे. तरी दोन दिवसांची मुदत मागून घेतली, परिचयातील एका शल्यविशारदांकडे जाऊन बसले, त्यांनी दिलेले कागद वाचले. जे कळले ते वाचकभगिनींपुढे ठेवते. कारण हा प्रश्न एकट्या वन्संचा नसावा.

गवतातून चालताना लुगड्याला कुसळ लागते. ते एका दिशेने सहज आत शिरते, पण मागे ओढू गेल्यास अडकते. या उपचारातील धाग्यांना तशीच बारीक कुसळे असतात. सुईने तो धागा त्वचेखाली सरकवायचा, कुसळे आतल्या मांसल भागात रुतली की वर ओढायचे. त्याबरोबर ओघळलेला गाल वर येतो. मार्लेन सुलामानिद्झे या शल्यविशारदांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे धागे प्रचारात आणले. ते पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे शरीरात न विरघळणारे होते. आज बहुधा पॉलिडायॉक्झॅनोनचे धागे वापरतात. शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांचेच हे द्रव्य. ते साधारण सहा ते आठ महिन्यांत विरघळून जाते.

मग धागा न विरघळणारा असता तर परिणाम टिकला असता काय? माझ्या मनात हाच प्रश्न आला होता. परंतु पहिले धागे तसलेच होते आणि त्यांचाही परिणाम टिकला नाही. वयोमानाने चेहरा ओघळतो तो केवळ कातडी सैल झाल्यामुळे नव्हे. आतली चरबी झिजते व खाली सरकते, त्वचेला हाडाशी बांधून ठेवणारे बंध ढिले होतात, खुद्द हाडही थोडे झिजते. या सर्वांचा भार त्या बारीक धाग्यावर पडतो. त्यात आपण दिवसभर बोलतो, हसतो, घास चावतो. चक्क्यातून दोरा ओढावा तसा तो धागा मऊ भाग हळूहळू कापत जातो आणि पकड सुटते.

२००९ साली अमेरिकेतील चेहऱ्याच्या शल्यविशारदांच्या एका नियतकालिकात या उपचाराची तपासणी प्रसिद्ध झाली. धागे घातलेल्या तेहेतीस रुग्णांचा सरासरी एकवीस महिने पाठपुरावा केला होता. त्यांपैकी दहांना केवळ धागे घातले होते. उरलेल्यांवर जोडीला दुसरे उपचारही झाले होते. तुलनेसाठी धाग्यांवाचून इतर उपचार केलेले आणखी दहाजण घेतले होते. कोणावर कोणता उपचार झाला हे न सांगता चार तज्ज्ञांना छायाचित्रे दाखवून गुण देण्यास सांगितले. पहिल्या महिन्यात सर्वांचेच चेहरे सुधारलेले दिसले. अखेरीस मात्र, ज्यांच्यावर इतर उपचार झाले होते त्यांच्यातच सुधारणा उरली. केवळ धागे घातलेल्यांची जवळजवळ ओसरली होती. हा उपचार पुढे चालू ठेवण्याचे समर्थन आम्ही करू शकत नाही, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता.

यातली खरी मेख पहिल्या महिन्यात आहे. सुई टोचल्याने आत सूज येते, आणि त्या सुजेमुळेही चेहरा भरलेला व ताणलेला दिसतो. म्हणजे उपचार सर्वांत यशस्वी दिसतो तो सूज पुरती उतरण्यापूर्वी. आणि जाहिरातीतील छायाचित्रे नेमकी याच सुमाराची असू शकतात! शिवाय त्वचेवर नको तिथे खळगा पडणे, धागा वरून जाणवणे, जंतुसंसर्ग होणे, दोन गाल सारखे न दिसणे, हे धोके आहेतच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्या प्रकारचे काही धागे सावकाश विरघळतात आणि त्यांच्याभोवती शरीर नवे तंतू तयार करते, असे हा उपचार करणारे सांगतात. एखाद्या कार्यापुरता, तात्पुरता बदल हवा आणि खर्च परवडतो, असे समजून कोणी तो करून घेतला तर त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती तात्पुरत्याला टिकाऊ समजल्यामुळे. टिकाऊ परिणाम हवा तर चेहऱ्याच्या आतला थर आवळण्याची शस्त्रक्रिया आहे. त्या थराचे वर्णन पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ साली केले. तिचा परिणाम कित्येक वर्षे राहतो. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, तिचे धोकेही तितकेच मोठे.

वन्संना मी ‘या वयात हे कशाला?’ असे म्हटले नाही. साठीजवळ आलेल्या बाईने आरशात पाहून हळहळू नये, असा नियम कोणी केला? आरशाशी त्यांचे काय बोलणे होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. मी फक्त पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले. धागा कशाचा, आणि तो किती महिन्यांत विरतो? बिघडल्यास दुरुस्ती कोण करील, आणि कोणाच्या खर्चाने? आणि ज्यांनी पूर्वी धागे घातले, त्यांची दोन वर्षांनंतरची छायाचित्रे दाखवाल काय?

आठ दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. “वहिनी, जाड वही काढून दाखवली हो त्यांनी. चाळून पाहिली. सगळ्या बायका पहिल्या महिन्यातल्याच. दोन वर्षांनंतरची एकही नाही.” क्षणभर थांबून त्या हसल्या. “म्हटलं, मग माझंच लावा. माझ्याकडे आहे.”

पाटल्या अद्याप त्यांच्या हातांत आहेत.