हार, नारळ आणि हिशेब

कामगार निवृत्त होतो त्या दिवशी कारखान्याच्या उपाहारगृहात एक ठरीव समारंभ पार पडतो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ आणलेले असते. तीस वर्षांत ज्या माणसाचे नाव व्यवस्थापनाने कधी विचारले नाही, ज्याची ओळख तिकीट नंबरापलीकडे गेली नाही, त्याच्याविषयी व्यवस्थापक चार गोड वाक्ये बोलतो. ‘कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे त्यांतले एक हमखास असते. टाळ्या पडतात, फोटो निघतो. आणि याच गडबडीत कचेरीतल्या टेबलावर एक छापील कागद त्या माणसापुढे सरकवला जातो : ‘माझे सर्व येणे मला मिळाले असून माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही.’ गळ्यात हार आणि डोळ्यांत पाणी असलेला माणूस तो कागद वाचत नाही. तो सही करतो.

नोकरीचा अखेरचा दिवस कसा घालवावा याविषयी सुशिक्षित समाजात उपदेशाची वाण नाही. जाताना कटुता नको, जुने उकरून काढू नये, हसतमुखाने निरोप घ्यावा, असे सांगितले जाते. हा उपदेश वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु तो नेहमी एकाच बाजूला केला जातो, ही त्यातली मेख आहे. कामगाराने गोड बोलून जावे असे सांगणारे शहाणे मालकाने त्याच दिवशी पै-पैचा हिशेब चुकता करावा असे मात्र कधी सांगत नाहीत. सौजन्य एकाने पाळायचे आणि देणे दुसऱ्याने थकवायचे, अशी ही वाटणी आहे. वस्तुतः अखेरचा दिवस हा आधी हिशेबाचा दिवस आहे. निरोपाचा तो त्यानंतर.

ग्रॅच्युइटीचेच उदाहरण पाहावे. सरकारी मराठीत तिला ‘उपदान’ म्हणतात, आणि त्या शब्दातच ‘दान’ दडलेले आहे. मालकवर्गाची दृष्टीही तीच : दिले तर उपकार, न दिले तर नशीब. १९७२ च्या कायद्याने या दृष्टीला छेद दिला. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे वेतन हा कामगाराचा हक्क ठरला. महिन्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये घेणाऱ्या आणि २० वर्षे राबलेल्या कामगाराचे येणे, महिन्याचे २६ दिवस धरून, ३ लाख रुपये होते. ही रक्कम ३० दिवसांत द्यावी लागते. उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही हे माप कायम आहे. सेवा संपताच दोन कामाच्या दिवसांत राहिलेले वेतन चुकते करावे, असेही वेतनसंहिता सांगते. मग ३ लाखांचे देणे लांबवणाऱ्याने तीनशे रुपयांची शाल पांघरून टाळ्या का घ्याव्यात?

याहून घातक प्रकार ‘स्वेच्छेच्या’ राजीनाम्याचा आहे. कामगाराची छाटणी करायची तर मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन द्यावे लागते, शिवाय वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. राजीनामा घेतला की हे सारे टळते. म्हणून माणसाला खोलीत बोलावले जाते, ‘काढून टाकल्याचा डाग नको’ अशी सहानुभूती दाखवली जाते, आणि तयार मसुद्यावर सही घेतली जाते. दार बाहेरून लावायचे आणि माणूस आपणहून गेला अशी नोंद करायची, याला स्वेच्छा म्हणतात! छाटणीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होत असे. नव्या संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. संरक्षणाचे कुंपण मागे हटले, तेव्हा एका सहीचे मोल कित्येक पटींनी वाढले.

कंत्राटी कामगाराच्या वाट्याला तर निरोपाचा देखावाही येत नाही. ठेकेदार बदलतो, कागदावरचे नाव बदलते, कामगार मात्र त्याच यंत्रापुढे उभा असतो. एके सकाळी दरवाजावरचा पहारेकरी त्याला अडवतो आणि कालचा दिवस शेवटचा होता हे त्याला तेव्हा कळते.

या कळण्या-न कळण्याची किंमत मुंबईच्या गिरणगावाने मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, तेव्हा त्याआधीची पाळी ही आपली अखेरची पाळी ठरेल हे हजारो कामगारांना ठाऊक नव्हते. कुणी गावी गेले, कुणी परतलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची वेळ आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण कामावर होतो याचा पुरावा त्यांच्याकडे मागितला गेला. म्हाडाची २०१२ ची सोडत निघाली तेव्हा संपाला तीस वर्षे झाली होती. कामगाराच्या म्हाताऱ्या विधवेला जुन्या ट्रंकेतून ओळखपत्र, विमा योजनेचे कार्ड, फंडाचा उतारा शोधावा लागला. ज्या घरात कागद जपला गेला ते घर रांगेत उभे राहिले. ज्या घरात तो पावसात भिजला ते रांगेबाहेर गेले. नोकरीच्या शेवटी हाती राहिलेला कागद पुढच्या पिढीचे छप्पर ठरवतो, हा त्याचा अर्थ.

यावर कुणी म्हणेल की निरोपसमारंभात सहकाऱ्यांचे खरे प्रेमही असते. ते निर्विवाद असते. ज्यांनी एका डब्यातली भाकरी वाटून खाल्ली, त्यांनी हार घालावा, पेढे वाटावेत. पण ज्यांचे प्रेम खरे आहे त्यांनी हार घालण्यापूर्वी हिशेबाचा कागद वाचावा. येथे दोष केवळ मालकाचा नाही, कामगार संघटनांचाही आहे. हजेरीपटावरून नाव उतरले की संघटनेच्या वहीतूनही ते उतरते. समारंभात पुढच्या खुर्चीवर बसणारा पदाधिकारी कचेरीतल्या टेबलाशी त्या माणसाशेजारी उभा राहिलेला क्वचितच दिसतो.

वास्तविक महाराष्ट्राला वेगळी वाट माहीत आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगाराच्या फंडाची आणि ग्रॅच्युइटीची तजवीज मंडळाकडे सोपवली. वेतनाबरोबर लेव्ही भरावी लागते आणि नोंद मंडळाच्या दप्तरी राहते. म्हणून पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला म्हातारपणाच्या येण्यासाठी एकेका व्यापाऱ्याच्या मर्जीकडे पाहावे लागू नये, अशी सोय झाली. हीच सोय प्रत्येक कंत्राटी कामगाराला मिळावी ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. निवृत्तीच्या तीन महिने आधी कामगाराची फंडाची नोंद, सेवेची तारीख व वारसाचे नाव तपासावे. रकमेचा आकडा न लिहिलेल्या पावतीवर सही होऊ देऊ नये. सेवेचे प्रमाणपत्र हाती घेतल्याशिवाय दरवाजा ओलांडू देऊ नये. दडपणाखाली राजीनामा घेतला गेला असेल, तर त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवावी. महिनाभर गप्प राहिलेल्या माणसाची ‘स्वेच्छा’ सिद्ध करणे मालकाला फार सोपे जाते.

हिशेब मागणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने यंत्राला दिली, त्याचे कंपनीकडे येणे आहे. कंपनीचे त्याच्याकडे काही येणे नाही. ते येणे हाती पडल्यावर त्याने खुशाल हार घालून घ्यावा आणि नारळ घरी न्यावा. तोपर्यंत नारळ टेबलावरच राहू द्यावा.