काळा डाग कुणाचा?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं, उरण-अलिबागच्या किनाऱ्यावर आणि तिवरांत शिरलं. लोकांनी भीतीने मासे घेणं सोडलं. पोटावर पाय आला तो कोळ्यांच्या.

दिवस पावसाळ्याचे. ढग असले की उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. रडारला मात्र ढगांतून, अंधारातही दिसतं. तेलाचा तवंग पाण्यावरच्या बारीक लाटा दाबतो, सिग्नल कमी परततो आणि चित्रात काळा डाग उमटतो. 2014 साली सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-1 ची अशी चित्रं तर फुकट मिळतात. हॉस्टेलच्या पीसीवर नकाशा तयार!

पण मित्रांनो, इथेच आपण फसतो. वारा पडला तरी पाणी काळंच दिसतं. उलट तिवरांच्या मुळांना चिकटलेलं तेल त्या डागात येतच नाही. ते ठाऊक असतं रोज खाडीत उतरणाऱ्या माणसाला. आणि भरपाई मागायची तर पुरावा त्यालाच द्यावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की असे प्रोजेक्ट व्हायव्हापाशी संपू नयेत. नकाशा घेऊन कोळीवाड्यात जावं, चुका विचारून दुरुस्त कराव्यात आणि एक प्रत मच्छीमार सोसायटीला द्यावी. तीही मराठीत. मी कॉन्व्हेंटवाला, 'ऑइल स्लिक'ला तवंग म्हणतात हे मला हा लेख लिहिताना कळलं. कोळ्यांना ते आधीपासून माहीत होतं.