विल्सनसाहेब आणि आईबापांची भीती

मुंबईच्या चौपाटीसमोरील विल्सन कॉलेजची इमारत पुष्कळांनी निदान चित्रात तरी पाहिली असेल. ज्यांचे नाव तिला दिले ते डॉ. जॉन विल्सन मात्र आपल्याला परीक्षेपुरतेच ठाऊक. स्कॉटलंडचे हे धर्मोपदेशक १८२९ मध्ये मुंबईत आले ते आपल्या लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी, आणि हा हेतू त्यांनी कधी लपविला नाही. त्यासाठी ते मराठी, गुजराती, संस्कृत शिकले. १८३२ मध्ये शाळा काढली. तिचेच पुढे कॉलेज झाले. पत्नी मार्गारेटबाईंनी मुलींसाठी शाळा चालविल्या.

१८३९ साली त्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. शहर खवळले, प्रकरण न्यायालयात गेले, पालकांनी भराभर मुले काढून घेतली. या पालकांना 'सनातनी' म्हटले की आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई विड्या वळते. मी रात्री पुस्तक घेऊन बसले की कौतुकाने पाहते आणि मध्येच विचारते, "एवढं शिकून तू आमच्यातली राहशील का गं?" धर्म न बदलताही शिक्षण मूल घरापासून दूर नेते. त्या पारशी आईबापांना हे पुस्तके न वाचताच कळले होते.

१८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणात तर मी सरळ मिशनच्या विरुद्ध आहे. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला तो समजून-उमजून. पुढे जालन्याकडे त्यांनी मोठे काम केले. पण श्रीपत अजाण मुलगा. विल्सनसाहेब तेव्हा परदेशी होते हे खरे, तरी मिशन त्यांचेच. न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला हे योग्यच झाले. मात्र त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा आडवे कोण आले? आपलेच सनातनी! इथे मात्र तो शब्द शोभतो.

मग विल्सनसाहेबांचे मोठेपण कशात? १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण पदे अनेकांना मिळतात. मला मोठी वाटते ती एक लहानशी गोष्ट. मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला आणि १८३१ मध्ये 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले. विल्सनसाहेबांनी पुढच्याच वर्षी इंग्रजीत त्याचे खंडन छापले आणि त्याच पुस्तकात, खंडनाच्या आधी, मोरभटांच्या लिखाणाचा अनुवाद घातला. प्रतिपक्ष आधी, आपण नंतर!

आपल्या वादविवाद स्पर्धांत समोरचा बोलू लागला की मागच्या बाकांवरून टाळ्या पिटून त्याला खाली बसविले जाते. विल्सनसाहेबांनी असे केले असते, तर मोरभटांचे म्हणणे त्या इंग्रजी वाचकांना कळलेच नसते.