एका कळीचे दोन धनी

अकोला–पूर्णा लोहमार्गावरील जऊळक्यात काय किंवा मुंबईच्या एखाद्या कचेरीत काय, अर्जाचा मजकूर मराठीत आणि ई-मेलचा पत्ता इंग्रजीत लिहिणाऱ्या संगणकचालकास पदोपदी लिपी बदलावी लागते. आणि त्यासाठी विंडोजने बहाल केलेली डावा ऑल्ट व शिफ्ट ही जोडीच नेमकी मजकूर-संपादकांनाही हवी असते. व्हीएस कोडमध्ये या दोहोंसह खालचा बाण दाबला की ओळीची प्रत खाली उतरते, वर्डमध्ये परिच्छेद खाली सरकतो. परंतु बाणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बोटे उचलली गेली, तर ओळ जागच्या जागी राहून भाषा तेवढी पालटते, आणि पुढचे वाक्य भलत्याच लिपीत उमटेपर्यंत त्याची वार्ता लागत नाही.

माझी हरकत आहे ती या मौनाला. कळा मोजक्या व दावेदार अनेक, तेव्हा तंटा अटळच. पण जमिनीच्या फेरफाराची नोटीस निदान चावडीवर लागते. नोटपॅड प्लस प्लस एकाच जोडीवर दोन आज्ञांनी हक्क सांगितल्यास तसे नमूद करतो, व्हीएस कोडही सगळे दावेदार दाखवतो आणि वापरणाऱ्याने सर्वांत शेवटी लिहिलेला नियम ग्राह्य धरतो, हे खरे. तथापि ही दप्तरे आपापल्या हद्दीपुरती, कारण कार्यप्रणालीने वरच्या वर अडवलेली कळ संपादकापर्यंत पोहोचतच नाही.

कंट्रोल व ऑल्ट या जोडीस विंडोज काही कळफलकांवर उजव्या ऑल्टसमान लेखते, आणि भारतीय इंग्रजी कळफलकावर तिच्यासह चार दाबूनच २०१० साली स्वीकृत झालेले रुपयाचे चिन्ह उमटते. एखाद्या प्रणालीने ती जोडी बळकावली, की रुपया लुप्त! मायक्रोसॉफ्टच्याच रेमंड चेन यांनी २००४ मध्ये ही जोडी शॉर्टकटसाठी वापरू नये असे बजावले होते. ते ऐकले किती जणांनी, हा प्रश्न निराळा.

या तंट्याचा उत्तम निवाडा मला व्हिम या जुन्या संपादकाचा वाटतो. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिला, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. आज कार्यप्रणालीत इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असता त्याच कळा प, र, क, त उमटवतात आणि बाणांचा कारभार ठप्प होतो. व्हिमच्या अंतर्गत कळनकाशा वापरल्यास मात्र लेखनाच्या अवस्थेत देवनागरीचा अंमल चालतो व आज्ञेच्या अवस्थेत रोमनचा, म्हणजे कोणालाही बेदखल न करता वहिवाट वाटून दिली जाते.

तूर्त विंडोजमधील ऑल्ट-शिफ्टची नेमणूक रद्द करून लिपीबदल विंडोज व स्पेसबारवर सोपवावा, हे इष्ट. पण शासनाने संगणकप्रणाली खरेदी करताना निविदेतच अट घालावी, की ती प्रणाली लिपीबदलाच्या कळांना हात लावणार नाही, आणि लावलाच तर चालकास आधी विचारले जाईल.