रुग्णाला सीमेवर अडवू नका



शत्रुराष्ट्राच्या रुग्णांना व्हिसा देऊच नये, असे सांगणारे गेल्या अंकातील पत्र वाचले. पहलगाम हल्ल्याचा संताप मलाही आहे. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान्यांचे वैद्यकीय व्हिसा २९ तारखेपर्यंतच वैध ठरले, तेव्हा उपचार अर्धवट टाकून परतणाऱ्यांत हृदयविकाराची मुलेही होती. त्या पोरांनी कोणाचे काय वाकडे केले होते?

मालवणकराला तरी हे कळायला हवे. आमच्याकडे माणूस अत्यवस्थ झाला की अजूनही ‘बांबोळीक न्हेया’, म्हणजे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेऊ या, हेच तोंडी येते. कुडाळ, सावंतवाडी, बांदा मागे टाकून गाडी पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडते. आत बसलेल्या बाईच्या एका हातात सलाइनची बाटली, दुसऱ्या हातात रिपोर्टांची पिशवी. २०१८ च्या जानेवारीत याच रुग्णालयाने, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने, परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात केवढे आंदोलन पेटले! गोव्याची बाजूही खोटी नव्हती. खाटा त्यांच्या, कर त्यांचा. पण त्यांनी पैसे मागितले, दार लावून घेतले नाही.

असे दार पाकिस्तानी रुग्णासाठीही उघडले आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर बंद पडलेली दिल्ली–लाहोर बस २००३ च्या जुलैत सुरू झाली, तेव्हा त्या बसने आलेल्या अडीच वर्षांच्या पाकिस्तानी मुलीवर बेंगळुरूत हृदयशस्त्रक्रिया झाली. संबंध तेव्हाही गोड नव्हते.

कागदपत्रे कसून तपासा, पूर्ण बिल घ्या. मात्र उपचार सुरू असलेल्या मुलाला डॉक्टर घरी सोडेपर्यंत राहू द्या. एवढ्या मुदतीलाही पत्रलेखकांचा विरोध आहे का, हे त्यांनी स्पष्ट लिहावे.

– एक वाचक, मालवण