चहापलीकडचं पंचहौद

पंचहौद मिशन म्हटलं की मराठी माणसाला चहा आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातली चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी तिथं एका व्याख्यानाला गेली, नंतर चहा-बिस्किटं पुढं आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला, आणि पुढची दोन वर्षं पुणं ढवळून निघालं. गोपाळराव जोश्यांनी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, ते हेच) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, कमिशन बसलं. लोकमान्यांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढं केला. न्यायमूर्ती रानड्यांनी मित्रांची अडचण ओळखून १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांचे टोमणेही खाल्ले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींमध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

हे सगळं खरं, आणि महत्त्वाचंही. पण मी इतिहास शिकवत असताना आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पण त्या चर्चमध्ये रोज कोण जायचं?" या साध्या प्रश्नाचं उत्तर ना पाठ्यपुस्तकात होतं, ना टिळक-रानड्यांच्या चरित्रांत. आपण ते चर्च इतिहासात आणलं ते आपल्या भांडणाची जागा म्हणून. भांडण मिटलं, आपण बाहेर पडलो आणि दार लोटून घेतलं. आत माणसं होती, ती तिथंच राहिली.

तर आधी त्या जागेबद्दल थोडं. गुरुवार पेठेत, म्हणजे जुन्या वेताळ पेठेत, पाच हौद होते म्हणून पंचहौद. तिथलं चर्च १८८५ च्या सुमाराचं, इटालियन बॅसिलिकाच्या धर्तीचं, शेजारी वेगळा उंच घंटाघराचा मनोरा. पंथ अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा. अमेरिकेत याच पंथाला एपिस्कोपल म्हणतात, कारण कारभार बिशपच्या हाती. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या संन्यासी पाद्र्यांनी हे मिशन चालवलं. त्यांच्या जोडीला १८७७ मध्ये वाँटेज गावच्या मठातल्या सिस्टर्स पुण्यात आल्या.

पुण्यात अँग्लिकन चर्च त्याआधीही होतं. कॅम्पातलं सेंट मेरीज बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये प्रतिष्ठित केलं. पण ते लष्कराचं. तिथल्या पाद्र्याचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी आपल्याच शेतसाऱ्यातून जायचा. दख्खनच्या कुणब्याला ठाऊक नसताना त्यानं गोऱ्या सोल्जराच्या उपासनेचा खर्च उचलला! ही सरकारी गाठ कायद्यानं सुटली ती थेट १९३० मध्ये. पंचहौदाचं चर्च या जातीचं नव्हे. ते कॅम्पाबाहेर, पेठेत, मराठी बोलणाऱ्यांसाठी उभं राहिलं. त्याचं नावच पाहा ना : 'पवित्र नाम देवालय'. चर्च हा शब्दही नाही. नामस्मरणाच्या या मुलुखात 'नाम' आणि 'देवालय' हे दोन शब्द ज्याला सुचले त्याचा कान नक्कीच मराठी असला पाहिजे.

आत कोण होतं याचा शोध घेऊ लागलो तर पहिलं नाव येतं ते नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचं. चित्पावन ब्राह्मण, जन्म १८२५ चा, वाढले काशीत, षड्दर्शनांचे जाणकार. ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढं काउलीच्या पाद्र्यांबरोबर राहिले. आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख झालाच तर 'बाटलेला शास्त्री' म्हणून होतो. त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' उघडून पाहणारे किती असतील?

दुसरं नाव पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये पुण्यात आल्यावर त्यांचा या सिस्टर्सशी परिचय झाला, १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. गोऱ्ह्यांच्या लेखनानं आपली खात्री पटली हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. पण बाई कुणाची शिष्या होऊन राहणाऱ्यातली नव्हती. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमची संस्कृत काय कमी आहे, असा वाद त्यांनी त्याच सिस्टर्सशी घातला. अँग्लिकन चर्चचे सगळे सिद्धान्तही त्यांनी मानले नाहीत. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला, पण इंग्रजीत.

आता पुन्हा त्या चहाकडे येतो, कारण मला जे म्हणायचंय ते तिथंच आहे. चहाचं भांडण हे मुळात पाण्याचं भांडण होतं. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही. आणि हे घडलं कुठं? तर हौदांच्या नावाच्या जागेत. शेजारच्या गंज पेठेत जोतीराव फुल्यांचं घर. त्यांनी १८६८ मध्येच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. चहापान झालं त्या ऑक्टोबरात जोतीराव पक्षाघातानं खचलेले, हयात होते. पुढच्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला गेले.

आणि त्याच आवारात, त्याच वर्षी, प्रभुभोजनाच्या वेळी लोक एकाच पेल्याला ओठ लावत होते. अँग्लिकन रीतच तशी आहे. एक पेला, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. शास्त्र्याच्या घरातून आलेला असो, नाहीतर ज्याच्या सावलीचा विटाळ मानत तो असो, पेला तोच. बाहेरच्या प्रतिष्ठितांनी कपाला हात लावला की ओठ लावला यावर पुरावे गोळा होत होते, कमिशन बसत होतं, आणि आत ही गोष्ट दर आठवड्याला गाजावाजा न होता घडत होती. तिची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रानं छापली नाही. यादी छापली ती चहा पिणाऱ्यांची.

चर्चमध्ये गेल्यानं जात गेली, असा भाबडा दावा मी करत नाही. सोयरिकी जुळवताना, दफनभूमीत, बसण्याच्या रांगांत ती किती ठिकाणी मागं आली हे दलित ख्रिस्ती लेखकांनीच लिहिलंय. तरी पेल्याला ओठ लावणं ही १८९० मध्ये लहान गोष्ट नव्हती. ज्यानं तो पहिल्यांदा लावला त्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल? बायको काय म्हणाली असेल? आईनं चुलीजवळ येऊ दिलं असेल का? रानड्यांच्या घरी काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण रमाबाईंनी लिहिलं. इथं लिहिणारं कुणी नव्हतं.

अगदीच नव्हतं असंही नाही म्हणा. कुठल्याही अँग्लिकन चर्चमध्ये तीन रजिस्टरं असतात : बाप्तिस्म्याचं, विवाहाचं, दफनाचं. नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण, धंदा. विवाहाच्या नोंदी तर १८७२ च्या कायद्यानं बंधनकारक झाल्या. माझ्या मते चर्चचा खरा इतिहास या तीन वह्यांत असतो. प्लेगच्या वर्षी दफनाची पानं किती भरली? छप्पन्नच्या दुष्काळात एकट्या आलेल्या पोरांच्या नावापुढं बापाच्या रकान्यात काय लिहिलं? नाव बदललं की जुनंच ठेवलं? कोनशिलेवरून आणि मनोऱ्याच्या उंचीवरून हे कळत नाही. चर्चच्या स्मरणिका निघतात त्यांत मात्र पाद्र्यांच्या नेमणुकांच्या तारखा आणि देणगीदारांचे फोटो.

यात आणखी एक बोचणारी गोष्ट आहे. गोऱ्या लोकांच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला त्या काळी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवल्यात, त्यांच्या सूच्याही झाल्यात. पुण्याच्या कॅम्पात मेलेल्या सोल्जराच्या खापरपणतूला इंग्लंडात घरबसल्या पूर्वज सापडतो. गुरुवार पेठेतल्या मराठी ख्रिस्ती बाईला आपल्या आजीच्या आजीचं नाव हवं असेल तर तिला एका लाकडी कपाटाच्या किल्लीची वाट बघावी लागते.

किल्ली सहज का मिळत नाही, यालाही कारण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. पुढं १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. तेव्हा पणजोबाच्या बाप्तिस्म्याची नोंद ही पणतूच्या जातीच्या दाखल्यावर येणारी गोष्ट ठरू शकते. अशा वेळी कपाट बंद ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही. म्हणून माझं म्हणणं इतकंच की अगदी जुन्या नोंदी, शंभर वर्षांपलीकडच्या, मंडळीनं स्वतःच वाचाव्यात आणि स्वतःच लिहाव्यात. काय छापायचं, काय झाकायचं ते त्यांनी ठरवावं. बाहेरच्यांनी, माझ्यासारख्यांनीसुद्धा, फार तर मोडी आणि जुनी इंग्रजी अक्षरं लावून द्यायला बसावं.

आमच्या सोलापूरचंच घ्या. इथं मिशन अमेरिकन मराठी, म्हणजे बिशप न मानणारं. त्या मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात ते चर्च, अँग्लिकन आणि आणखी चार मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि बिशप नको म्हणणाऱ्यांच्या नातवंडांना बिशप मिळाला! त्या बैठकांत कोण काय बोललं, कुणाच्या मनाविरुद्ध झालं, याच्या आठवणी सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. वोरोनोको शाळेवरून आपण रोज जातो. हे नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं, मूळ तिथल्या आदिवासींच्या भाषेतलं, हे किती सोलापूरकरांना माहीत आहे? आपल्याला 'चर्चच्या अलीकडं उतरा' एवढ्यापुरतं चर्च लागतं.

ओळखीच्या एका पाळकांना मी हे सगळं बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, कपाट उघडू, पण आधी वाळवीचं औषध मारायला माणूस बोलवावा लागेल." पावसाळ्याआधी माणूस बोलवायचं ठरलंय. मोडी वाचणारे कुणी सोलापुरात असतील तर त्यांनी कळवावं.